दहाव्या ओळीतला टँकर

"त्याला टँकर द्या की. दुसरं आहे काय तिथं?"

ठाण्याचे काका एका हातात चिवड्याची वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन बोलले. बोलताना मान वर करायचीही त्यांना गरज वाटली नाही. खोलीतले सगळे हसले. काकूंना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, काहीतरीच तुमचं," असं त्या म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडं वळल्या. "लिही गं. जालना, टँकरचा जिल्हा. मुलांना मजा वाटेल. चित्र काढायलाही सोपं."

मी लिहिलं. माझा लॅपटॉप काकूंच्या टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळं मी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. दहावी ओळ. जिल्हा: जालना. टोपणनाव: टँकरचा जिल्हा. चिन्ह: टँकर. ते एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून लोक पुन्हा एकदा हसले. मग काकांनी वाटी खाली ठेवली. "चला, ठाणं! आता जरा नीट बसा सगळे," म्हणाले, आणि अकरावी ओळ सुरू झाली.

त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं की मी जालन्याची आहे.

हे सगळं माझ्यामुळंच सुरू झालं होतं. सिंगापुरात तोआ पायोहमधल्या ज्या ऑफिसात मी काम करते तिथं शाळांसाठी शिकायची साधनं बनवतात: पत्ते, तक्ते, कोडी. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला तिथल्या पन्नास राज्यांचा पत्त्यांचा संच हवा होता, आणि त्यातला मजकूर तपासायचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक राज्याचा एक पत्ता. पुढच्या बाजूला राज्याचं टोपणनाव, पक्षी, फूल, झाड. मागच्या बाजूला हे कसं ठरलं याच्या चार ओळी. त्या चार ओळींसाठी मी दिवस दिवस वाचत बसायचे. मला बोलण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यामुळं ते काम मला आवडलं होतं.

आई दर रविवारी इथल्या मराठी मंडळातल्या लहान मुलांचा मराठीचा वर्ग घेते. तिनं कौतुकानं माझे पत्ते काकूंना दाखवले. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष. त्यांना सगळे काकूच म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. त्यांनी पत्ते उलटसुलट करून बघितले आणि जाहीर केलं की गणेशोत्सवात आपल्या मुलांसाठी असाच महाराष्ट्राचा संच करायचा. छत्तीस जिल्हे, छत्तीस टोपणनावं, छत्तीस चिन्हं. "आपल्या पोरांना टेक्सस माहीत आहे आणि सातारा माहीत नाही," त्या म्हणाल्या. यात काही खोटं नव्हतं. वर्गातल्या एका मुलीनं आईला विचारलं होतं, "मावशी, महाराष्ट्र इज इनसाइड पुणे, इज इट?"

मलाही कल्पना आवडली होती. उत्सवाच्या दिवशी सगळी मुलं गोल करून बसणार, आई एकेक पत्ता वाचून दाखवणार, मुलं जिल्हा ओळखणार. मी टाइप करायला, चित्रं मांडायला आनंदानं तयार झाले. आपण नेमकं काय करायला निघालोय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला कळायला हवं होतं. मी त्या पन्नास राज्यांचं सगळं वाचलेलं होतं.

वाचायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं, सगळी नावं कौतुकाची असतील. सूर्यप्रकाशाचं राज्य, सोन्याचं राज्य, एकट्या ताऱ्याचं राज्य. तशीही आहेत. पण जरा खोलात गेलं की दिसतं, त्यातली बरीच नावं दुसऱ्यांनी हिणवायला दिलेली होती. विस्कॉन्सिनमध्ये शिशाच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांना घरं बांधायला सवड नव्हती. ते टेकडीत बिळं खणून थंडी काढायचे. लोक त्यांना बॅजर म्हणायला लागले, बिळात राहणारं जनावर. आज ते राज्य स्वतःला बॅजरांचं राज्य म्हणवतं आणि बॅजर हा त्याचा अधिकृत प्राणी आहे. मिसूरीबद्दल अशी एक गोष्ट सांगतात की तिथले मजूर दुसऱ्या राज्यातल्या खाणीत कामाला गेले, तिथली पद्धत त्यांना येईना, तेव्हा मुकादम ओरडायचे, हा मिसूरीचा आहे, याला सगळं दाखवावं लागतं. आता 'मला दाखवा' हे मिसूरीच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं. ओक्लाहोमाचं नाव तर ठरलेल्या दिवसाआधी चोरून आत शिरून जमिनी बळकावणाऱ्यांवरून आलं आहे. ती जमीन मुळात ज्यांची होती त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे मी चार ओळींत कसंबसं बसवलं होतं. गिऱ्हाइकानं तेवढंच वाक्य काढून टाकलं.

माझ्या शेजारी बसणारी सिंगापुरी मुलगी हे वाचून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली होती, "वाह, इनसल्ट ऑल्सो कॅन पुट ऑन नंबरप्लेट, लाह."

पण त्या पन्नास पत्त्यांत एक गोष्ट सारखी होती. बाहेरच्यांनी काहीही म्हटलेलं असो, अधिकृत काय ते त्या राज्यानं स्वतः ठरवलेलं असतं. ओहायोचा पक्षी कोणता, यावर टेक्सस मत देत नाही. बॅजर हे नाव बिळांत राहिलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी उचललं, म्हणून ते त्यांचं झालं. आणि कितीतरी वेळा हे ठरवायला शाळेतली मुलं पुढं आलेली आहेत. एका राज्यात दुसरीतल्या मुलांनी मागणी केली आणि लेडीबग हा तिथला अधिकृत कीटक झाला. न्यू हॅम्पशायरमध्ये चौथीतल्या मुलांनी एका ससाण्यासाठी प्रस्ताव तयार केला होता. तो चर्चेला आला तेव्हा मुलं वर गॅलरीत बसली होती, आणि खाली लोकप्रतिनिधी त्या ससाण्यावर विनोद करत होते. प्रस्ताव पडला. काही वर्षांनी तो ससाणा मंजूर झाला, पण माझ्या डोक्यात राहिली ती गॅलरी. मुलांना खालचं सगळं ऐकू येत होतं.

आता त्या रविवारी काकूंच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये काय झालं ते सांगते.

समितीचे सहा-सात जण जमले होते. काकू म्हणाल्या, "आधी पुणं उरकून टाकू, ते सोपं आहे." पुण्याला सव्वा तास लागला. 'विद्येचं माहेरघर' हे टोपणनाव ठेवायचं की ते फार जुनं झालं, यावर पहिली वीस मिनिटं गेली. मग चिन्ह. कोणी शनिवारवाडा म्हणालं, कोणी पगडी, कोणी दुचाकी. कोणीतरी मिसळीचं नाव काढलं आणि त्याच क्षणी कोल्हापूरच्या काकांचा आवाज खोलीत घुमला. ते जहाजावर इंजिनिअर आहेत. त्या दिवशी त्यांचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि ते मोबाइलवर आवाजी निरोप पाठवून बैठकीत भाग घेत होते. "मिसळीला हात लावायचा नाही! मिसळ आमची!"

"अहो, तुम्हाला तांबडा-पांढरा रस्सा दिलाय ना," काकू मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाल्या.

मिनिटभरानं उत्तर आलं. "तो आमचा आहेच, वहिनी. दिलाय काय? मिसळ वेगळी, रस्सा वेगळा!"

नागपूरच्या ताईनं तिच्या पाळीत संत्र्यासाठी आणि तर्री-पोह्यांसाठी एकटीनं खिंड लढवली. नाशिकवाल्यांनी द्राक्षं घेतली. प्रत्येक जण आपल्या गावासाठी भांडला, आणि मला ते बघायला मजाही येत होती, कारण भांडणारा माणूस मनापासून भांडत होता. शेवटी पुण्याला पगडी मिळाली.

मग चहा आला, आणि चहा पिता पिता उरलेले जिल्हे अकारविल्हे घ्यायचं ठरलं. उरलेले म्हणजे, एक ठाणं सोडलं तर, ज्यांच्यासाठी भांडायला खोलीत कोणी नव्हतं ते.

"गडचिरोली?"

"जंगल. पुढं."

"नंदुरबार?"

"ते गुजरातेत ना? बरं, नाहीये. मिरची टाका."

"हिंगोली... हिंगोली हा जिल्हा आहे? स्वतंत्र?"

कोणीतरी मोबाइलवर शोधून खात्री करून घेतली. बीडला कोणीतरी कोयता सुचवला आणि काकूंनी, "नको, लहान मुलं आहेत," म्हणून ऊस केला. कोयता ज्याच्या हातात असतो त्याचं मूलही लहानच असतं, हे मला तेव्हा सुचलं, आणि मी 'ऊस' टाइप केलं. आख्खा मराठवाडा एका कपाच्या चहात संपला. पुण्याला सव्वा तास, आणि आठ जिल्ह्यांना मिळून तेवढा वेळ, जेवढ्यात चहा निवतो.

मी एकदा प्रयत्न केला. "काकू, अमेरिकेत ना, त्या त्या राज्यातलेच लोक ठरवतात..."

"हो गं, छानच आहे ते," काकू म्हणाल्या. "तू आधी गोंदिया टाक."

काकू वाईट नाहीत. आई आजारी होती तेव्हा त्यांनी दोन आठवडे डबा पाठवला होता. त्यांना कोणाला दुखवायचं नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. दुखवायला समोर माणूस दिसावा लागतो. त्यांच्या दृष्टीनं तिथं माणूसच नव्हता, नकाशावरचा एक तुकडा होता, आणि त्याला पटकन एक चित्र चिकटवायचं होतं.

आणि तिथं माणूस का दिसत नव्हता, याचं उत्तर आमच्याच घरात होतं.

आम्ही पुण्याचे आहोत. म्हणजे बारा वर्षांपूर्वी सिंगापुरात आल्यावर मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात कोणीतरी बाबांना विचारलं, "मूळचे कुठले?" आणि बाबा म्हणाले, "पुण्याचेच." मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि त्यांच्या शेजारी उभी होते. पुढचा प्रश्न आला, "पुण्यात कुठं?" बाबा म्हणाले, "सिंहगड रोड." आमचा फ्लॅट खरोखरच तिथं होता. बाबा शिकायला पुण्यात आले, नोकरी तिथं लागली, मी तिथल्याच इंग्रजी शाळेत गेले. उत्तरात खोटं काही नव्हतं. फक्त प्रश्नात 'मूळचे' हा शब्द होता.

मूळचे बाबा जालना शहरातले, आणि आई अंबडजवळच्या एका खेड्यातली. मामा अजून तिथंच असतो. घरी मामाचा फोन आला की आई "काय करू राहिला रे?" म्हणते. मंडळातल्या कोणाचा आला की "काय करतोयस?" म्हणते. दोन फोन लागोपाठ आले तर मध्ये ती एक श्वास घेते. बाहेरच्या कोणाला तो कळणार नाही. माझं तसं सोपं आहे. मी मराठी कमी बोलते, आणि बोलते ती इतकी पुस्तकी की तिला कुठल्याच गावाचा वास येत नाही. त्यामुळं बारा वर्षं आम्ही तिघं बिनबोभाट पुण्याचे राहिलो.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी पूर्ण यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पसंत असेल त्यांनी थम्सअप द्या, म्हणजे लोकशाही पद्धतीनं होईल. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी इथल्या मेट्रोत, एमआरटीमध्ये, ते थम्सअप कोणाकोणाचे आहेत ते बघत होते. त्यात आईचाही होता.

घरी आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होती.

"आई, तू थम्सअप दिलास?"

"सगळ्यांनी दिला."

"यादी वाचलीस?"

"वाचली ना. छान झालीय. सोलापूरची चादर मस्त काढ."

"दहावी ओळ?"

तिनं एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. "मग टँकर काय खोटा आहे का?" ती म्हणाली.

नव्हता. हाच सगळा घोळ होता. आम्ही इथं येण्याच्या आधीच्या वर्षी मी सुट्टीत मामाकडं होते. मामाची मोसंबीची बाग आहे. त्या वर्षी विहिरीत दगड दिसत होते. गावात टँकर यायचा तो प्यायच्या पाण्याचा, आणि मामा बागेसाठी वेगळा टँकर विकत आणायचा. टँकरचा आवाज आला की मी आणि मामेभावंडं बांधापर्यंत पळत जायचो. मामा एकेका झाडाच्या आळ्यात पाइप धरायचा आणि मनातल्या मनात काहीतरी मोजून पुढच्या झाडाकडं जायचा. एकदा मी विचारलं, या झाडाला कमी का दिलं? तर म्हणाला, "हे आता राहत नाही बेटा." टँकरच्या ड्रायव्हरला मामी सगळ्यांच्या आधी चहा द्यायची, घरच्या माणसांच्याही आधी. उन्हाळा संपेपर्यंत अर्धी बाग वाळली. वाळलेली झाडं जेसीबीनं उपटताना मामा तिथं थांबला नाही, पण मी थांबले होते. मुळं वर आली की त्यांना माती चिकटलेली नसायची.

अशा जागी टँकर हा विनोद नसतो. त्या गावानं तो उद्या स्वतःचं चिन्ह म्हणून निवडला तर मी मान खाली घालून त्याचं सगळ्यांत सुंदर चित्र काढीन. पण तो चिवड्याच्या वाटीमागून फेकायची कोणाला मुभा नाही.

हे सगळं मी आईला म्हणाले नाही. मी एवढंच म्हणाले, "उत्सवात मुलांसमोर तो पत्ता तूच वाचणार आहेस."

"वाचीन की," आई म्हणाली. "त्यात काय. आणि तू काही बोलू नको हं तिथं. उगीच बारा वर्षांनी हे काय नवीन."

तेवढ्यात बाबा आले. ते जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये आहेत. कंपनीच्या बसनं येतात, आणि घरात आल्यावरही बराच वेळ त्यांच्या गळ्यात पास तसाच असतो. त्यांनी आमचे चेहरे बघून विचारलं, काय झालं. आईनं सांगितलं. मला वाटलं, बाबा चिडतील. ते हसले.

"टँकर," ते म्हणाले. "अजून तेच का?"

"अजून म्हणजे?"

"अगं, कॉलेजच्या होस्टेलला माझं नाव टँकर होतं. चार वर्षं. मेसमध्ये शिरलो की एक जण ओरडायचा, टँकर आला रे, भांडी आणा. मग सगळे ताटं वाजवायचे." ते अजून हसतच होते. "पाणी गेलं की माझ्या दारावर थाप. मास्तरांपर्यंत पोचलं होतं ते. एकदा तोंडी परीक्षेत एकानं विचारलं, तो टँकर तूच का?"

आई मेथीकडं बघत होती. तिला हे माहीत होतं. मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

"म्हणून तुम्ही पुण्याचेच म्हणालात?"

बाबांनी पास गळ्यातून काढला आणि त्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "नवीन देश, नवीन लोक. वाटलं, कशाला परत तेच."

मग मी त्यांना विस्कॉन्सिनच्या बॅजरांचं सांगितलं. मिसूरीचंही. मी सहसा एवढं बोलत नाही, म्हणून ते दोघं ऐकत राहिले. मी म्हणाले, हिणवायला दिलेलं नावसुद्धा लोकांनी स्वतःहून घेतलंय, नंबरप्लेटवर लावलंय. मग विचारलं, "तुम्हाला तसं घ्यावंसं वाटेल का ते नाव? आपलं म्हणून?"

बाबांनी खरंच विचार केला. ते कुठल्याही प्रश्नावर विचार करतात, इंजिनिअर आहेत. मग म्हणाले, "घेईनही. मामाची बाग त्या पाण्यावरच अर्धी राहिली. पण मला विचारलं कोणी?"

एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

त्या आठवड्यात मला कामात काही सुधरेना. मी काकूंना मेसेज लिहायचे आणि पुसायचे. इंग्रजीत लिहिला तर तक्रारीसारखा दिसायचा, मराठीत लिहिला तर निबंधासारखा. मला ठाण्याच्या काकांचा राग येत होता, काकूंचा येत होता, थम्सअप देणाऱ्यांचा येत होता, त्यातल्या आईचाही. पण सगळ्यांत जास्त राग ज्या बोटांनी ती ओळ लिहिली होती त्यांचा येत होता. कोणीही मला लिहायला भाग पाडलं नव्हतं. मी फक्त थांबायला हवं होतं. पाच सेकंद टाइप केलं नसतं तरी कोणीतरी मान वर करून बघितलं असतं. मी नेहमी गप्प बसते आणि त्याला भिडस्तपणा म्हणते. त्या दिवशी मी नुसती गप्प बसले नव्हते, मी लिहून घेतलं होतं.

मेसेज गेला नाही. पुढचा रविवार आला. सोमवारी यादी छापायला द्यायची होती, आणि शेवटचं वाचन काकूंकडंच होतं. या वेळी आईलाही बोलावलं होतं, कारण पत्ते तीच वाचणार होती. बाबा आले नाहीत. त्यांना शिफ्ट होती.

लॅपटॉप पुन्हा टीव्हीला जोडला. सगळे तेच, फक्त वाटीत या वेळी साबुदाण्याचा चिवडा. काकू म्हणाल्या, "आता मुलांसमोर वाचाल तसंच वाचा बरं, म्हणजे कसं वाटतं ते कळेल."

आई उभी राहिली. तिनं पडद्याकडं बघून वाचायला सुरुवात केली. ती चांगली शिक्षिका आहे. जिल्ह्याचं नाव लपवून आधी टोपणनाव सांगायची, मग चिन्ह, आणि भुवया उंचावून क्षणभर थांबायची, जणू समोर मुलं बसली आहेत. लोकही लहान होऊन ओरडत होते: अकोला! अमरावती! कोल्हापूरच्या पत्त्यावर जहाजावरून शिट्टीचा आवाज आला. चंद्रपूरचा वाघ सगळ्यांना आवडला. मी पडद्यावर ओळी वर सरकवत होते. आठवी. नववी.

दहाव्या ओळीवर मी आईकडं बघितलं. मला वाटलं, ती अडखळेल. निदान तो एक श्वास घेईल.

ती अडखळली नाही. स्वच्छ, पुणेरी, मुलांना आवडेल अशा आवाजात तिनं वाचलं, "टोपणनाव: टँकरचा जिल्हा. चिन्ह: टँकर. ओळखा पाहू, मी कोण?" आणि भुवया उंचावून थांबली.

"जालना!" सगळे एका सुरात ओरडले.

"शाब्बास," आई म्हणाली.

तेव्हा नागपूरची ताई म्हणाली, "पण काकू, हे जालन्याच्या कोणाला विचारलं का? मी तर संत्र्यासाठी इतकी भांडले. टँकर म्हणजे जरा... नाही का?"

"अगं, विचारायला आहे कोण?" काकू म्हणाल्या. "जालन्याचं एकही घर नाही आपल्यात. बारा-पंधरा वर्षं बघतेय मी. सगळ्यांना ओळखते."

"असतं तर कळलंच असतं," ठाण्याचे काका म्हणाले. "आल्या आल्या आधी पाणी मागितलं असतं."

पुन्हा तोच हशा. आईसुद्धा हसली. अगदी थोडं, ओठ न उघडता, पाहुण्यांकडं हसतात तसं. मग तिनं पडद्याकडं तोंड केलं आणि अकरावी ओळ वर यायची वाट बघत उभी राहिली.

मी ओळ सरकवली नाही. काकू म्हणाल्या, "हँग झालं का गं?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आईनं मान किंचित हलवली, नको म्हणून. मला ते दिसलं. तिचं ऐकायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं, आधी नाही.

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"जालन्याचं घर आहे, काकू. आमचं. आई, बाबा आणि मी, आम्ही तिघंही जालन्याचे आहोत, आणि त्या पत्त्यावर टँकर ठेवायचा की मोसंबी, हे तुम्ही आम्हाला विचारायचं."